केळुसकरांचा नववा गडी

आमच्या शेजारच्या केळुसकरांनी एका माणसाला आईला फोन करत नाही एवढ्याच कारणावरून संघातून काढून टाकलं. माणूस अमेरिकन होता, बेसबॉल खेळायचा, त्याने मारलेला चेंडू मैदानाबाहेरच्या चर्चच्या घंटेवर जाऊन आदळायचा, आणि मुख्य म्हणजे तो खरा नव्हता. एका सिनेमातला होता.

"अहो, पण फटका बघा ना त्याचा," मी म्हणालो.

"फटके सगळेच मारतात हो पेंडसे. दोन तासांच्या सिनेमात एकदा तरी घरी फोन केला का त्याने? आई तिकडे खिडकीत बसलीय. खिडकी दाखवलीय की नाही? मग! हा माणूस वेळेला येणार नाही."

आणि रिमोट उचलून त्यांनी त्या घंटाफोड्याला आमच्या बैठकीच्या खोलीतून कायमचा हद्दपार केला.

केळुसकरांचा हा उद्योग बरीच वर्षं चालू आहे. जगात बेसबॉलवर जेवढे म्हणून सिनेमे निघाले, त्या सगळ्यांतून नऊ खेळाडू निवडून एक सर्वोत्कृष्ट संघ करायचा. नियम दोनच. पहिला, खेळाडू लेखकाच्या डोक्यातून आलेला हवा. खऱ्या खेळाडूंना प्रवेश नाही. "खरी माणसं बदलतात हो. आज चांगली, उद्या काय भलतंच. सिनेमातला माणूस कितीही वेळा लावा, शेवटच्या डावात येतो म्हणजे येतोच." दुसरा नियम, ज्याने सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही त्याने तोंड उघडायचं नाही. हा नियम त्यांनी खास माझ्यासाठी केला असावा, कारण मी बहुतेक सिनेमांत मध्यंतराच्या सुमारास घोरू लागतो आणि शेवटाला दचकून उठून मतं देतो.

निवडीची पद्धत मात्र क्रिकेट बोर्डाची नाही, वधूपित्याची. मुलगा निर्व्यसनी आहे का? नोकरी टिकवून आहे का? घरच्यांशी बोलणं-चालणं कसं आहे? हरल्यावर भांडी आपटतो का? खेळाचा प्रश्न अगदी शेवटी, आणि तोही "बाकी खेळतो बरा, नाही का?" इतपत. सिनेमातली नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, त्यामुळे संघातल्या आठही जणांची त्यांनी नव्याने बारशी केली आहेत. गोलंदाज म्हणजे पिचर, तो 'पोस्टमन', कारण सिनेमात तो सकाळी टपाल वाटून दुपारी सामना खेळतो. पहिल्या बेसवर 'सात बहिणींचा भाऊ'. शॉर्टस्टॉपवर, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, 'कुत्र्याला भिणारा'. डाव्या कोपऱ्यात 'मधमाश्या', ज्याच्या पेट्या मैदानाच्या कडेलाच असतात आणि जो झेल घेताना एकही माशी चिरडू देत नाही.

हा सगळा संघ केळुसकरांच्या जेवणाच्या टेबलावर राहतो. उकिडवा बसणारा कॅचर, आपल्याकडचा यष्टिरक्षक, म्हणजे खलबत्ता. पोस्टमन म्हणजे मिठाची बाटली. सात बहिणींचा भाऊ ही लोणच्याची बरणी. कुत्र्याला भिणाऱ्याच्या जागी चहाची गाळणी, कारण "त्याच्या हातून काही सुटत नाही." गाळणीतून चहा सुटतो, तिचं कामच ते, हे मी एकदा सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो चहा निमूटपणे पिऊन घरी आलो.

"आमच्याकडे चहा हवा असेल तर आधी शॉर्टस्टॉपला रजा द्यावी लागते," नीलावहिनी, म्हणजे सौ. केळुसकर, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्या दोघांनी कित्येक वर्षांत टेबलावर बसून जेवण केलेलं नाही. ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवतात आणि संघावर नजर ठेवतात.

टेबलाच्या उजव्या टोकाला, खिडकीजवळ, एक स्टीलची वाटी उपडी ठेवलेली असते. ती राइट फील्डची, मैदानाच्या उजव्या टोकाची जागा. तिथे कोणी नाही. आठ गडी झाले, नववा मिळत नाही. केळुसकरांच्या आयुष्यात आणि पर्यायाने माझ्या शनिवारांत जी काही दगदग आहे, ती सगळी या एका वाटीमुळे आहे.

आता चिंचवडचा माणूस बेसबॉलच्या नादी कसा लागला, हे सांगायला हवं. केळुसकर नोकरीनिमित्त इकडे डच लोकांच्या देशात आले तेव्हा त्यांची मुलगी सई लहान होती. आमचं न्यूनेन गाव असं की इथे संध्याकाळी रस्त्यावर माणूस दिसला तर तो बहुतेक कुत्रा फिरवायला निघालेला असतो. पोरीला मैत्रिणी मिळाव्यात म्हणून समोरच्या घरातल्या मुलीबरोबर तिला होंकबालच्या क्लबात घातलं. बेसबॉलला इथे होंकबाल म्हणतात. केळुसकरांना क्रिकेट यायचं, त्यामुळे पहिल्या सामन्यात त्यांनी चुकीच्या वेळी इतक्या टाळ्या वाजवल्या की पलीकडच्या संघाच्या पालकांनी त्यांना कॉफी आणून दिली. अपमान गिळून केळुसकर थेट वाचनालयात गेले आणि बेसबॉलचे होते नव्हते तेवढे सिनेमे घेऊन आले. खेळ त्यांनी सिनेमांतून शिकून घेतला. आणि पडद्यावर खाली संवाद डच भाषेत उमटायचे, म्हणून डचही तिथूनच.

याचे परिणाम अजून गाव भोगतो आहे. केळुसकरांचं डच उत्तम आहे, पण ते सगळं शेवटच्या डावातलं आहे. एकदा गुडघा दुखतो म्हणून ते हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले आणि म्हणाले, "डॉक्टर, लोक म्हणतात मी संपलो. पण या गुडघ्यात अजून एक हंगाम शिल्लक आहे." डॉक्टरबाईंनी अत्यंत आदराने त्यांना पॅरासिटामॉल दिली. इथे संपलेल्यांना तीच देतात आणि न संपलेल्यांनाही तीच. दुसऱ्यांदा आमच्या गल्लीतला ओल्या कचऱ्याचा डबा लागोपाठ दोनदा उचलला गेला नाही. मी ईमेल लिहिली, तिला उत्तर म्हणून दुसरी ईमेल आली. केळुसकर गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या खिडकीवर गेले आणि तिथल्या बाईंच्या डोळ्यांत पाहून म्हणाले, "आज आम्ही हरलो असू. पण या मैदानावर आम्ही पुन्हा उभे राहू." बाईंनी म्हणे तिथल्या तिथे फोन उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हजर.

तर असा हा माणूस दर शनिवारी संध्याकाळी नवव्या गड्याचा शोध घ्यायला सिनेमा घेऊन आमच्याकडे येतो. त्यांच्या घरी नीलावहिनींनी सिनेमांवर बंदी घातली आहे आणि आमचा टीव्ही मोठा आहे. सवलतीत मिळतोय म्हणून घेताना मला वाटलं होतं की शेजारी जळतील. शेजारी आत येऊन बसले.

उमेदवार येत होते आणि गळत होते. कोणी सिनेमात बायकोचा वाढदिवस विसरला. एकजण सामना जिंकल्यावर मैदानावर थुंकला. "तिथे थुंकायची पद्धतच असते हो," मी म्हणालो. "पद्धत असेल. आपल्या संघात नाही." एक तर इतका सज्जन होता की मी मनातल्या मनात पेढे वाटले, पण शेवटच्या दृश्यात तो गाव सोडून मोठ्या शहरात गेला.

"गेला ना?" केळुसकर म्हणाले.

"त्याची प्रगती झाली, केळुसकर!"

"झाली की. मी कुठे नाही म्हणतो? पण मागे वळून पाहिलं का त्याने?"

शेवटी माझी बायको वृंदा एका शनिवारी, केळुसकर गेल्यावर, उशीवर मूठ आपटून म्हणाली, "हे बघ, मला यांचा बेसबॉल पाठ झालाय. काल ऑफिसात मी बॉसला म्हणाले, 'आपण शेवटच्या डावात आहोत.' तो घाबरला. तू आता तो नववा माणूस शोधून दे. काहीही कर. एवढी मोठमोठी प्रोजेक्ट्स चालवतोस म्हणे."

मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. म्हणजे दुसऱ्यांची कामं वेळेत होणार नाहीत हे वेळेत कळवणारा. पण त्या दिवशी मी पेटलो. ठरवलं की राइट फील्डची वाटी सुलटी केल्याशिवाय थांबायचं नाही.

त्याच आठवड्यात केळुसकरांबरोबर सायकलवरून येताना, म्हणजे ते पुढे आणि मी वाऱ्याविरुद्ध धापा टाकत मागे, क्लबाच्या मैदानापाशी ते थांबले. मी शत्रूची बाजू समजून घ्यायची म्हणून विचारलं, "पण राइट फील्डला एवढं काय आहे? तिथे चेंडूच येत नाही म्हणतात."

"पोरांच्या खेळात नाहीच येत. म्हणून सगळ्यांत कच्चं पोर तिथे उभं करतात. सईला पहिली तीन वर्षं तिथेच उभी केली होती." त्यांनी तारेच्या कुंपणाच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "मी इथे उभा राहायचो. पालकांची बाकं तिकडे, पण एवढ्याशा पोरीने तासन्‌तास एकटं काय करायचं? कोच आला सांगायला, की साहेब, पालक तिकडे बसतात. मी म्हटलं, मी पालक नाही, मी प्रेक्षक आहे."

"आणि मग?"

"मग काय, गप्पा. ती पाठमोरी उभी, मी तारेच्या मागे. घरी काही विचारलं की डचमध्ये उत्तर द्यायची. इथे मात्र मराठीत बोलायची, बरं का. कंटाळा आलाय हे बाकीच्या पोरींना कळू नये म्हणून. शंकरपाळे द्यायचो तारेतून. एकदा तेवढ्यात खरोखरच चेंडू आला."

"झेलला?"

"तोंडात शंकरपाळा, हातमोज्यात शंकरपाळा. चेंडू कुठे ठेवणार?" केळुसकर पोट धरून हसले, आणि मग एकदम सायकलवर बसून निघाले. मला पुन्हा वाऱ्याविरुद्ध सुटावं लागलं, त्यामुळे त्या हसण्याचा जास्त विचार करायला माझ्याकडे श्वास नव्हता.

नववा मला सापडला तो जुन्या वस्तूंच्या दुकानात. इथे प्रत्येक गावात असं एक दुकान असतं, लोक घरातलं नको ते देऊन जातात आणि दुसऱ्याचं नको ते घेऊन येतात. तिथे बशांच्या आणि फोटोच्या चौकटींच्या ढिगाखाली एक कृष्णधवल सिनेमाची डीव्हीडी होती, कव्हरवर बॅट. या वेळी आम्ही गाफील राहिलो नाही. वृंदाने आणि मी शनिवारच्या आदल्या दिवशीच तो पाहिला, आणि मी शपथेवर सांगतो, मी झोपलो नाही. वृंदाने केळुसकरांची भूमिका घेतली आणि सिनेमा थांबवून थांबवून खोट काढायचा प्रयत्न केला.

खोट नव्हतीच. छोट्या गावातला संघ, राइट फील्डला एक दूधवाला. पहाटे घरोघरी बाटल्या ठेवतो आणि सामन्याला सगळ्यांच्या आधी येतो. सिनेमाभर त्याच्याकडे एकही चेंडू येत नाही. तरी दर चेंडूला गुडघ्यावर हात ठेवून सावध उभा. संघ हरतो, लोक जातात, आणि हा एकटा थांबून मैदानावरच्या बेसच्या पांढऱ्या गोण्या गोळा करतो, झाडतो, रांगेत ठेवतो. पुढच्या सामन्यासाठी. आईला दर आठवड्याला पत्र. दारू नाही. दूधच पितो.

"अरे, हा तर आपल्या रेवालासुद्धा चालेल," वृंदा म्हणाली. रेवा आमची मुलगी, तेरा वर्षांची. तिने हेडफोन काढून डचमध्ये काहीतरी म्हटलं, ज्याचा मराठीत अर्थ 'तुम्हा दोघांना मदतीची गरज आहे' असा होतो.

शनिवारी केळुसकर आले. सिनेमा लागला. नेहमी ते पहिल्या अर्ध्या तासात 'हं!' करून उमेदवाराची पहिली खोट दाखवतात. या वेळी 'हं' आलं नाही. मधेच ते पुढे सरकून बसले. मग आणखी पुढे. गोण्या गोळा करायचा प्रसंग आला तेव्हा त्यांच्या हातातली चकली तशीच राहिली होती.

"विचारा," मी हाताची घडी घालून म्हणालो.

"व्यसन?"

"नाही."

"आई?"

"दर आठवड्याला पत्र."

"हरल्यावर?"

"झाडतो."

त्यांनी चकली बशीत परत ठेवली. मग म्हणाले, "माणूस चांगला आहे हो, पेंडसे." पण असं, की जणू मी त्यांना कसली तरी वाईट बातमी दिली होती. "उद्या समितीपुढे ठेवतो."

निवड समिती दोघांची आहे. एक केळुसकर आणि दुसरी सई, जी आता युट्रेख्टला शिकते. रविवारी सकाळी अकराला व्हिडिओ कॉलवर समितीची बैठक भरते. दोघांचं एकमत झालं तरच गडी संघात.

"मीही येतो," मी म्हणालो. एवढ्या मोहिमेनंतर विजयाच्या क्षणी आपण तिथे नसावं, हे मला मान्य नव्हतं. जाताना मी आमचा दुधाचा छोटा पितळी जगही नेला. दूधवाल्याचा जग. वाटी उचलायची, जग ठेवायचा, फोटो काढायचा, असं माझं नियोजन होतं.

रविवारी केळुसकर टेबलावरचे गडी ओल्या फडक्याने पुसत होते. मी स्वयंपाकघरात डोकावलो. नीलावहिनी पोह्यांना फोडणी देत होत्या.

"वहिनी, पेढे आणा! आजपासून टेबलावर जेवा. नववा सापडला."

त्यांनी गॅस बारीक केला. "कोणी शोधला?"

"मी!" मी म्हणालो. "आणि या वेळी खोट नाही. केळुसकर स्वतः म्हणाले."

"काय केलंत हो हे, भाऊजी?"

त्यांचा आवाज चिडका नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो.

"सई गेली युट्रेख्टला," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तेव्हा हे रोज फोन करायचे. जेवलीस का? सायकलचा दिवा चालू आहे ना? ती एका शब्दात उत्तर देऊन ठेवून द्यायची. तिचीही चूक नाही, त्या वयात आपण तरी काय सांगत होतो घरी? एकदा म्हणाली, बाबा, रोज काही नवीन नसतं, काही असलं की बोलू. मग यांनी दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी केला आणि म्हणाले, राइट फील्डसाठी एक पाहिलाय, त्याबद्दल बोलायचं होतं. तासभर बोलली. भांडली, हसली. तेव्हापासून दर रविवारी." त्यांनी झाऱ्याने पोहे हलवले. "टीम पूर्ण झाली की हे काय सांगून फोन करणार?"

माझ्या हातातला जग एकदम जड झाला. तीन वर्षं मी या माणसाच्या समोर बसून चकल्या खात होतो. प्रत्येक उमेदवार नापास झाला की त्याचा चेहरा खुलतो, हे मला दिसत होतं, आणि मी समजत होतो की याला खोट काढण्यात मजा वाटते.

मी बाहेर धावलो. "केळुसकर, मी रात्री विचार केला. तो दूधवाला मला तितकासा बरा वाटत नाही."

"का?"

"म्हणजे... दुधात पाणी घालत असेल."

"दाखवलंय का सिनेमात?"

"दाखवलं नाही, पण चेहऱ्यावरून..."

"चांगल्या माणसाला उगाच नावं ठेवू नका, पेंडसे," केळुसकर म्हणाले. ते शांत होते, आणि त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. "आणलाच आहेत तर द्या तो जग."

"अहो, निदान पुढच्या रविवारी..."

"नाही. माणूस योग्य आहे तर आहे. आपण खोटं बोलून त्याला बाहेर ठेवायचा? मग आपला संघ कसला?" ज्या माणसाने घंटाफोड्याला बाहेर काढताना मागेपुढे पाहिलं नव्हतं, तो आता स्वतःच्या विरुद्ध निकाल द्यायलाही तयार होता.

अकरा वाजले. आणि मग मी ते पाहिलं, जे खरं तर मला इतकी वर्षं कोणीही दाखवू शकलं असतं, मी रविवारी आलो असतो तर. केळुसकरांनी फोन लावला आणि सवयीने टेबलाच्या उजव्या टोकाला, त्या उपड्या वाटीला टेकवून उभा केला. पोस्टमन, खलबत्ता, गाळणी, मधमाश्या सगळे आपापल्या जागी, आणि राइट फील्डवर, खिडकीतल्या उजेडात, सईचा चेहरा. केस विस्कटलेले, हातात टोस्ट.

"हाय बाबा. हाय, पेंडसेकाका? तुम्ही पण?" आणि पुढे डचमध्ये, की आज काय विशेष.

"विशेषच आहे," केळुसकर म्हणाले. जग त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "सई, एक माणूस मिळालाय. पेंडसेंनी शोधलाय. मला त्याच्यात काही वाईट दिसत नाही."

टोस्ट तोंडाकडे जाता जाता थांबला.

"काहीच नाही?" तिने विचारलं.

"काहीच नाही. सगळ्यांत आधी येतो, सगळ्यांच्या नंतर जातो. चेंडू येत नाही तरी उभा असतो. बघ तू. तुझं मत दे."

पोह्यांचा वास येत होता. नीलावहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात झारा. सईने पडद्यावर एकदा बापाकडे पाहिलं, एकदा त्या जगाकडे. मग ती जवळ सरकली, इतकी की तिचा चेहरा पडदाभर झाला, आणि शब्द शोधत शोधत मराठीत म्हणाली, "बाबा, तो चांगला आहे. पण... वेळेला येतो का?"

"येतो की. सगळ्यांच्या आधी..."

"नाही. मला नाही वाटत, तो येतो."

सिनेमा तिने पाहिलेला नव्हता. सिनेमाचं नावसुद्धा तिला सांगितलेलं नव्हतं. नियमाप्रमाणे तिला तोंड उघडायचा अधिकारच नव्हता. मी केळुसकरांकडे पाहिलं. हा माणूस नियमाच्या बाबतीत देवाचंही ऐकणारा नाही.

"असं म्हणतेस?" केळुसकर म्हणाले.

"हो. नको हा. दुसरा बघू."

"घ्या!" केळुसकरांनी जग माझ्या हातात कोंबला. "ऐकलंत, पेंडसे? मला आधीच शंका होती. समितीला पटलेला नाही. घरी घेऊन जा याला." आणि खुर्ची ओढून ते बसले, अगदी फोनसमोर, कोपर गाळणीला लागून गाळणी आडवी झाली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "बरं, काय खातेयस ते? टोस्ट? रविवारी कोणी टोस्ट खातं का? आई पोहे करतेय इकडे."

"दाखव," सई म्हणाली. "दाखव ना, पोहे."

मी जग घेऊन घरी आलो. वृंदा दारातच उभी होती. "झाला का पास?"

मी सगळं सांगितलं. तिने जग माझ्या हातातून घेतला, धुतला आणि जागेवर ठेवला. मग म्हणाली, "दुकान आज बंद असेल ना? उद्या ऑफिसातून येताना जाऊन ये. शनिवारसाठी एखादा बघ." आणि मी चपला काढतोय तोवर आतून ओरडली, "पण ऐक, फार चांगला आणू नकोस!"